संसारचिंतन : पसंती आणि नापसंती

उपवर कन्येस एखाद्या स्थळाकडून नकार आला म्हणजे आमच्या कुटुंबांतून एक चमत्कारिक प्रकार दृष्टीस पडतो. नकार दिलेला असतो परक्या घराने. परंतु चौकशी आरंभ होते ती आपल्याच मुलीच्या उणिवांची. आत्याबाईंस तिचा वर्ण आठवतो, काकांस तिची उंची, आणि आजीबाईंस तिचा लहानपणचा हट्टी स्वभाव. मुलगी हे सर्व ऐकत असते.

आम्ही राहतो त्या खारघरात कांदेपोह्यांचे कार्यक्रम आता पुष्कळसे उपाहारगृहांत गेले आहेत आणि नकार मोबाइलवर येतो. कित्येकदा तोही येत नाही; नुसते मौन येते. आमच्या परिचयातील एका पदवीधर, नोकरी करणाऱ्या कन्येने स्वतः पसंत केलेल्या तरुणाने वर्षभराच्या स्नेहानंतर असेच मौन धरले. माझ्यात काय कमी होते, हा एकच प्रश्न ती घरात विचारू लागली. तिच्या मातोश्रींनी आम्हांस समजूत घालण्यास बोलाविले. उपदेशाचा उपयोग आम्ही शाळेत पुष्कळ पाहिला आहे. म्हणून तो न करता सरोजिनी वैद्य ह्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेले काशीबाई कानिटकरांचे आत्मचरित्र व चरित्र तिच्या हाती दिले.

काशीबाईंचा जन्म १८६१ चा, आष्ट्याचा. नवव्या वर्षी विवाह झाला. पती गोविंद वासुदेव कानिटकर हे विद्याव्यासंगी, पुढे कवी म्हणून नावारूपास आलेले. त्यांस शिकलेली पत्नी हवी होती. पदरी पडली ती निरक्षर आणि, लोकांच्या मते, रूपानेही बेताचीच. आपण पतीस आवडत नाही, हे त्या कोवळ्या वयात तीस कळून चुकले. गोविंदरावांचा कैवार आम्ही घेत नाही. तथापि तेही तेव्हा विद्यार्थीच होते, आणि त्यांस तरी कोणी विचारले होते? वडीलधाऱ्यांनी जुळविलेल्या गाठीचा राग त्या बिचारीवर निघाला, इतकेच. बायकांच्या वाचण्याची थट्टा होण्याच्या त्या काळात, चोरून-मारून, काशीबाई अक्षरे शिकल्या, पुढे इंग्रजीही शिकल्या. आणि कालांतराने तेच पती त्यांच्या वाचन-लेखनाचे सोबती झाले.

येथे आमच्या मनात कुमारसंभवाचा पाचवा सर्ग उभा राहतो. मदन भस्म झालेला पाहून पार्वती आपल्या रूपास दोष देते आणि तपास बसते. परंतु ते तप वरप्राप्तीचे होते. वर मिळताच संपले. काशीबाईंचे तसे झाले नाही, आणि बहुतेक सांगणारे नेमके हेच विसरतात. शिकली म्हणून नवऱ्याची मर्जी बसली, एवढाच अर्थ घेतला तर मुलीचे मोल पुन्हा दुसऱ्याच्याच तराजूत पडले! पतीची मर्जी बसल्यावरही त्यांची लेखणी चालूच राहिली. डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचे चरित्र त्यांनी लिहिले. ‘रंगराव’ ही कादंबरी १९०३ साली पुस्तकरूपाने आली.

पुस्तक परत करताना ती कन्या म्हणाली, “आजोबा, काशीबाईंना निदान शेवटी नवऱ्याचं प्रेम मिळालं. मला तेही नाही.” शंका खरी होती, तीस वरवरचे उत्तर देणे आम्हांस योग्य वाटले नाही. आम्ही ‘पालखीचा गोंडा’ची गोष्ट काढली. ही कादंबरी १९२८ सालची. तेव्हा गोविंदराव निवर्तून दशक लोटले होते आणि लेखिकेचे वय सदुसष्ट होते. तीत बुद्धीने अधू अशा राजाशी लग्न लागलेली स्त्री राज्यकारभार हाती घेते आणि स्त्रियांच्या हाती सत्ता असलेले राज्य उभारते. जिला पतीचे सुख मिळणे शक्यच नव्हते अशी नायिका काशीबाईंनी मुद्दाम निवडली, असे आमचे मत आहे.

कन्येने ते पुस्तक मागून नेले आहे. घरच्या मंडळींस आम्ही एवढेच विनविले, की पुढील स्थळ येईपर्यंत तिच्या वर्णाचा व उंचीचा विषय जेवणाच्या पंक्तीत काढू नये. आत्याबाई किंचित रुष्ट झाल्या.

हरिभाऊ आपटे आणि काशीबाई ह्यांच्या पत्रव्यवहाराचा विषय मोठा आहे. तो पुढील अंकी.