खिचडीचे माहेर

१/ अंधेरीच्या एखाद्या उपाहारगृहात ब्राझीलचा ‘पाव दे केजू’ समोर आला, की आपण तो ‘परदेशी’ म्हणून कौतुकाने चाखतो. माझ्या मते तो परका नाही, दूरचा नातलग आहे.

२/ चीज घातलेल्या या छोट्या पावाचे पीठ कसावा नावाच्या कंदाचे. आपला साबुदाणाही त्याच कंदाच्या सत्त्वाचा. कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला.

३/ नावातला ‘पाव’ तर आपल्या वड्याचा सोबतीच. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, तिथे १५३४ पासून १७३७ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. ब्राझीलही त्यांचीच वसाहत. शब्द दोन्हीकडे त्यांचाच.

४/ बटाटा अँडीज पर्वताचा, भुईमूगही दक्षिण अमेरिकेचा. म्हणजे एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा, दाण्याचे कूट आणि बटाटा हे तिन्ही समुद्रापलीकडचे. तरीही ती खिचडी आपण उपवासाची म्हणून, पवित्र मानून खातो. आणि त्यात गैर काहीच नाही.

५/ गैर आहे ते वेगळेच. याच उपनगरांत ‘तुम्ही काय खाता?’ असे विचारून भाड्याचे घर नाकारले जाते. असा प्रश्न विचारणाऱ्याने आधी आपल्या वाटीतल्या खिचडीला तिचे माहेर विचारावे. सातासमुद्रापारच्या कंदाला आपण देवघराजवळ जागा दिली. शेजारच्या माणसाला जिन्यावरून परत पाठवणे शोभत नाही.