आत्याचा खंड्या

या सदराच्या जुन्या वाचकांना माझे छंद एव्हाना पाठ झाले असतील. बासरी झाली, गच्चीवरची द्राक्षे झाली. मधमाश्यांचा विषय शेजारी अजून काढू देत नाहीत. यंदा मी रंगीत खडूंनी पक्षी काढतो आहे.

खडू म्हणजे फळ्यावरचे नव्हेत आणि मुलांच्या दप्तरातले तेलकटही नव्हेत. दुकानात यांना ‘सॉफ्ट पेस्टल’ म्हणतात. रंगाची पूड, थोडी पांढरी माती आणि कांडी वळण्यापुरता डिंक, एवढाच ऐवज. कांडी जरा दाबली की मोडते आणि मोडली की तुकडा हमखास कपाटाखाली जातो. ब्रश नाही, पाणी नाही. रंग बोटानेच पसरायचा. घरातून तक्रार अशी, की हल्ली चहाच्या कपाचे कानसुद्धा निळे असतात.

निळे, कारण मी खंड्या काढत होतो. पांढऱ्या छातीचा खंड्या तुम्ही पाहिलेला आहे. तळ्याकाठी, नाही तर रस्त्याकडेच्या तारेवर बसलेला असतो. डोके आणि पोट चॉकलेटी, गळ्यापासून छातीपर्यंत पांढराशुभ्र रुमाल, चोच लालभडक आणि पाठीवर तो निळा! हा पक्षी काढण्याचे कारण माझी आत्या. आमचे मूळ घर जुन्या आंबेगावचे. तालुक्याला अजून त्याचेच नाव आहे, कचेऱ्या मात्र घोडेगावला, आणि गाव डिंभ्याच्या धरणाखाली. अकाली वैधव्य आल्यावर आत्या माहेरी परतली आणि घोड नदीचे पाणी अंगणापर्यंत येईतो तिथेच राहिली. त्या घराच्या वस्तूंपैकी तिने एक पाटा आणि देव्हारा एवढेच आणले. बोलते मात्र नेहमी घाटावरच्या खंड्याबद्दल. रोज सकाळी ती धुणे धूत असताना तो समोरच्या उंबराच्या फांदीवर येऊन बसे म्हणे. तिच्या शहाऐंशिव्या वाढदिवसाला तो खंड्या द्यायचा, असे मी ठरवले.

पहिली गोष्ट मी शिकलो ती ही, की निळा पक्षी काढताना आधी निळ्याला हात लावायचा नाही. खाली गडद रंग द्यायचे. जांभळट, काळपट, पंखांच्या सावलीत थोडा तपकिरी. ते बोटाने कागदाच्या खरखरीत अंगात मुरवायचे. त्यावर मधला निळा, आणि सर्वांत शेवटी हिरव्याकडे झुकणारा फिकट निळा, तोही न चोळता, पिसांच्या दिशेने नुसता टेकवत. जो सारखा बोट फिरवतो त्याचा पक्षी राखेत लोळलेला दिसतो. काम वरून खाली करायचे, म्हणजे गळणारी पूड पुऱ्या झालेल्या भागावर पडत नाही. आणि ती पूड फुंकायची नाही. मी फुंकली, नातवाच्या दूधभातावर गेली आणि दोन दिवस माझे खडू जप्त झाले.

तरीही तो निळा हाती लागेना. मग वाचनात आले, की खंड्याच्या पिसात निळा रंगच नसतो! पिसाच्या आतली अतिसूक्ष्म जाळीदार घडण उजेडातला निळा तेवढा आपल्याकडे परतवते. पीस कुटून पूड केली, तर निळा नाहीसा होतो. आणि माझ्या हातात तर नुसती पूडच. एका कांडीने हे जमणार नव्हते. म्हणून मी निळ्याशेजारी किंचित नारिंगी ठेवला, चॉकलेटी अधिक तांबूस केला, आणि संध्याकाळी दिव्याखाली पाहतो तो पाठ चमकू लागलेली. स्वतःच्या चित्राकडे मी इतक्या वेळा वळून पाहिल्याचे आठवत नाही.

आत्याने चित्र हातात घेतले, खिडकीशी नेले, नाकाला लावले आणि म्हणाली, “साळुंकी छान काढलीस हो.”

घरात कोणी हसले नाही, यावरूनच माझा चेहरा कसा झाला असेल ते ओळखा. मी दुसरे चित्र काढले, महागातला निळा आणून. “आता कावळ्यासारखा दिसतो,” आत्या म्हणाली, “पण तू मनाला लावून घेऊ नकोस.”

शेवटी तिला घेऊन मी डिंभ्याला गेलो. मंचर, घोडेगाव करीत दुपारी पोचलो. पाऊस नुकता संपलेला, जलाशय काठोकाठ भरलेला. त्याला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. आत्या काठावर उभी राहून पाण्याकडे बोट करून आमचे घर कुठे होते ते सांगू लागली. तेवढ्यात वीस पावलांवरच्या तारेवर खंड्या येऊन बसला. उन्हात पाठ अशी झळकली, की माझे दोन्ही कागद फाडावेसे वाटले.

“आत्या, तो बघ!”

“कुठे?”

मी बोटाने दाखवले. तिने हाताचा आडोसा करून पाहिले. इतक्यात तो कर्कश हसल्यासारखा ओरडला, आणि आवाजावरून तिने ओळखला. “आहे, आहे. पण यांचाही रंग उतरला की रे. आमच्या वेळी किती निळे होते!”

इतके दिवस मी खडूंना आणि स्वतःला दोष देत होतो. तिच्या डोळ्यांकडे कोणी पाहिलेच नव्हते. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग पिवळट-तपकिरी होत जाते आणि पहिल्यांदा निळ्यालाच अडवते. हळूहळू होते म्हणून माणसाला स्वतःला कळत नाही. जगच मळले आहे असे वाटते. फ्रान्सचे थोर चित्रकार क्लोद मोने यांचेही असेच झाले होते. 1923 साली त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली, तीही फार टाळाटाळ केल्यावर. आत्याही चार वर्षे “पिकेल तेव्हा बघू” म्हणत होती. हल्ली पिकायची वाट पाहावी लागत नाही, हे डॉक्टरांनी सांगून झाले होते. खरे कारण निराळे होते. “उरलंसुरलं दिसतं तेही गेलं तर?” हे ती मला परतीच्या वाटेवर घोडेगावच्या चहाच्या टपरीवर म्हणाली, कप दोन्ही हातांत धरून. मी काय उत्तर देणार? तुझ्याबरोबर मी आत येईन, एवढेच म्हणालो.

डॉक्टरांनी आत येऊ दिले नाही, पण दारापर्यंत गेलो. अर्ध्या तासात ती बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आल्यावर ती आधी देव्हाऱ्याशी गेली, मग माझ्या खोलीत. दोन्ही खंड्ये भिंतीला टेकवून ठेवले होते. बराच वेळ ती काही बोलली नाही. एक डोळा झाकून पाहिले, मग दुसरा. पुन्हा पहिला.

“अगंबाई,” ती म्हणाली, “हा तर खंड्या!”

मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. चित्राजवळ वाकून पंखाशी बोट नेले. हात लावू नकोस असे ओरडायचे मी महत्प्रयासाने टाळले.

“पण उडताना पंखात पांढरा ठिपका दिसतो त्याच्या, मोठा. बसल्यावर लपतो. आमचा नेहमी उडून जायचा, मी बादली आपटली की. तसा काढ.”

मी नवा कागद फळीला लावला. गडद रंगापासून सुरुवात केली. आत्या शेजारी बसून होती. दुसऱ्या डोळ्याची तारीख तिने आपण होऊन विचारली.