१९१३ चा हंगाम

थंडीचे दिवस आले की डिस्कव्हरी गार्डन्समधील इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत मुलांचे टेनिस-बॉलचे क्रिकेट सुरू होते. गेल्या शनिवारी कर्णधार कोणी व्हावे यावरून भांडण जुंपले आणि ते सोडविण्यास आम्हांस खाली जावे लागले. मुलांचा निवाडा सरळ होता : जो सर्वांत चांगला खेळतो, तो कर्णधार. जिना चढून परतताना आम्हांस १९१३ सालच्या मुंबईची आठवण झाली.

पहिल्या महायुद्धाच्या आदल्या वर्षीचा तो हंगाम. मुंबईत तेव्हा धर्माधर्मांचे संघ खेळत. युरोपियन, पारशी आणि हिंदू यांच्यात १९१२ पासून मुसलमानांचा संघ आला आणि सामने चौरंगी झाले. हिंदूंच्या संघात डावखुरे फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू होते. जन्म १८७६ चा, चर्मकार कुटुंबातला. पुण्याच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर खेळपट्टी सांभाळावी आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करावी, ही त्यांची शाळा. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले खरे. परंतु चहापानाच्या वेळी इतर खेळाडू आत बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. चेंडू मात्र एकच होता. तो सर्वांच्या हातून फिरून त्यांच्याकडे येई.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघाला पराभवच अधिक पदरी आले, पण बाळूंनी त्या एका दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांचे धाकटे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. असा खेळाडू परतल्यावर हिंदू संघाचे नेतृत्व कोणाकडे जावे? १९१३ साली ते एम. डी. पै यांच्याकडे गेले. पैंविषयी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. स्वतःच्या सत्काराच्या सभेतच त्यांनी सांगितले की, हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी अशा आपल्या मित्राला, बाळूंना, मिळावयास हवा होता. ज्याच्या गळ्यात हार पडला त्यानेच हे म्हणावे! निवड करणाऱ्यांवर त्याचा परिणाम झाला नाही.

त्याच वर्षी, जुलै महिन्यात, बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला उतरले होते. मुंबईत बाळू पैंच्या हाताखाली खेळत होते, तेव्हा ते कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

आपल्या घरांत बाळूंचे नाव फारसे घेतले जात नाही, आणि त्याचे कारण आपण सारे जाणतो. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसच्या वतीने मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. आमच्या वडीलधाऱ्यांना ते विसरता आले नाही. ते विसरावे असे आम्हीही म्हणत नाही. त्या निवडणुकीत आमचे मत कोणाला पडले असते, हे सांगण्याची गरज नाही. परंतु १९३७ चा राग धरून १९१३ चा अन्याय मुलांपासून लपवावा, हे आम्हांस पटत नाही. मातीच्या भांड्यात चहा देणाऱ्यांनी बाळूंचे राजकारण पाहिले नव्हते, जात पाहिली होती.

बंधू विठ्ठल यांच्यासाठी दार उघडले ते १९२३ मध्ये. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरविले आणि चौरंगी जिंकली.

हे सारे आम्ही रविवारी मुलांना खाली बाकावर बसून सांगितले. त्यातल्या सर्वांत लहान मुलाने विचारले, "काका, मग बाळू कधी कॅप्टन झाले?"

हिंदू संघाचे कर्णधार म्हणून त्यांना कधीच नेमले गेले नाही, एवढेच आम्हांस सांगता आले.