औषधाची पाच बोटं



गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकटीला ताप आला. फडताळात तिच्या दादाची तापाच्या औषधाची बाटली होतीच. मी चमचा भरला, तेवढ्यात शेजारच्या सिस्टरताई आल्या. बाटली उजेडात धरून म्हणाल्या, "अहो बाई, थांबा! ही अडीचशेची आहे. हिला डॉक्टरांनी एकशेवीसची दिली होती ना?"

मी चपापलेच. दोन्हींवर नाव एकच, पॅरासिटामॉल. पण एकीत ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम औषध, दुसरीत २५०. म्हणजे चमचा तोच, औषध मात्र दुपटीहून जास्त! प्रमाणाबाहेर गेलं, तर हेच गुणकारी औषध यकृताला इजा करतं. म्हणून तर लहान मुलांचा डोस वजनावरून ठरवतात.

ताईंनी मग हाताची पाच बोटं दाखवली. नर्सिंग शिकताना हे पाच प्रश्न त्यांच्याकडून पाठच करून घेतात : रुग्ण तोच ना? औषध तेच ना? मात्रा तेवढीच ना? द्यायचं कुठे, पोटात, कानात की त्वचेवर? आणि वेळ झाली ना?

घरातले चमचे लहानमोठे असतात. म्हणून बाटलीबरोबरचं मापच वापरायचं.

मुलांनो, औषध आपल्या हातानं घ्यायचं नाही हं! मोठी माणसं देतील तेव्हा लेबल मोठ्यानं वाचा आणि पाच बोटं मोजा. आणि पालकहो, मुलानं विचारलं तर रागावू नका. त्या दिवशी मला कोणीतरी विचारलं, म्हणून तर चूक टळली!