भेटू या, पण सगळ्यांना जमेल असे

मोबाईलमुळे आता प्रत्येक घरात अशी चार-दोन माणसे असतात, जी आपण कधी पाहिलेली नसतात, पण त्यांच्या घरी आज काय शिजले हे आपल्याला ठाऊक असते. कुणी पाककृतींच्या निमित्ताने जोडलेले, कुणी मुलांच्या अभ्यासाच्या, कुणी विणकामाच्या. आमचा गट बागकामाचा आहे. गच्ची, गॅलरी, खिडकीचा कठडा, जिथे जागा मिळेल तिथे कुंडी ठेवणाऱ्या आम्ही तेवीस जणी. सोलापूरच्या आपांचा मोगरा कधी फुलला आणि चिपळूणच्या बुबूंच्या कढीपत्त्याला कीड कधी लागली, हे आम्हाला पाठ असते. नावाने हाक मारायची सवय नाही, गावाच्या नावानेच आम्ही एकमेकींना ओळखतो. तीन वर्षांत बियांची पाकिटे टपालाने गावोगाव फिरली. आम्ही मात्र भेटलो नव्हतो.

मग व्हायचे तेच झाले. एका रात्री कुणीतरी लिहिले, "एकदा भेटू या ना सगळ्या! पुण्यात, एखाद्या हॉटेलात, अगदी सहज." पाठोपाठ गुलाबाची फुले, टाळ्या आणि "इन्शाअल्लाह" यांचा पाऊस पडला. अर्ध्या तासात जागाही सुचवली गेली. एका मॉलमधले बुफे जेवण, माणशी ११०० रुपये, रविवारी संध्याकाळी सात वाजता. अकरा जणींनी लगेच होकार दिला. बाकीच्या गप्प राहिल्या. आणि मुंब्र्याच्या बाजींनी, ज्या कुणाच्याही रोपाला काही झाले की सर्वांत आधी उत्तर देतात, लिहिले, "या वेळी जमणार नाही. तुम्ही मजा करा, फोटो टाका."

"जमणार नाही" या दोन शब्दांत दहा कारणे लपलेली असतात. पैसे, वेळ, घरातला आजारी माणूस, सासूबाईंची नापसंती, अनोळखी लोकांची धास्ती, हॉटेलातल्या मांसाविषयी शंका. ती चारचौघांत कुणी सांगत नाही. ज्यांच्या हातात पैसा आणि वेळ दोन्ही मोकळे असतात, त्यांच्यासाठीच भेट "सहज" असते. बाकीच्यांसाठी ती सहज व्हायची तर कुणीतरी आधी बसून विचार करावा लागतो. आमच्यातल्या एकीने ते काम अंगावर घेतले.

तिने गटात मतदान घेतले नाही. मतदानात कोण कशाला हो म्हणाले ते सर्वांना दिसते, आणि जास्त जणींना जे जमते तेच जिंकते. तिने प्रत्येकीला वेगळा निरोप पाठवून दोनच प्रश्न विचारले. मनावर ओझे न येता किती खर्च करू शकाल? आणि घरी किती वाजेपर्यंत परत पोहोचायला हवे? उत्तर फक्त माझ्याजवळ राहील, हेही लिहिले. दोन दिवसांत सर्व उत्तरे आली. आकडे २५० पासून १२०० पर्यंत होते. तिने गटात एवढेच जाहीर केले की बेत २५० रुपयांच्या आत बसवायचा आहे. सरासरी काढली नाही. सर्वांत कमी आकडा तोच सर्वांचा आकडा, हा नियम आम्हाला फार आवडला.

तो २५० चा आकडा बाजींचा नव्हता. ज्यांनी बुफेला आधीच उत्साहाने होकार दिला होता, त्यांच्यापैकीच एकीचा होता. एवढे लिहिण्याची परवानगी तिने दिली आहे, नावाची नाही. बाजींची अडचण वेळेची होती. सासूबाईंचे संध्याकाळचे औषध त्यांच्याच हाताने होते. अंदाज बांधण्यापेक्षा विचारलेले बरे, ते यासाठी. नाही म्हणणारी गरीबच असते असे नाही आणि हो म्हणणारीला परवडतेच असेही नाही.

आकडा ठरल्यावर जागा आपोआप ठरत गेली. पुण्याच्या लष्कर भागातला एक जुना इराणी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणमधून मुंबई-पुण्याला आलेल्या पारशी आणि मुस्लिम कुटुंबांनी ही हॉटेले कोपऱ्याकोपऱ्यांवर थाटली. मुंबईत धोबीतलावजवळचे कयानी १९०४ चे, पुण्यात डेक्कनवरचे गुडलक १९३५ चे. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बनमस्का आणि दाट चहा. कारकून, विद्यार्थी, टांगेवाला, सगळ्यांना एका चहावर तासभर बसता येई. बायका-मुलांसाठी अनेक ठिकाणी वेगळी फॅमिली रूम असे, त्यामुळे बुरख्यातल्या बाईलाही निवांत बसून खाता येई. कमी पैशांत जास्त वेळ बसू देणारी जागा हीच खरी गप्पांची जागा. बुफेत निम्मा वेळ ताट घेऊन रांगेत जातो.

वार शनिवार, वेळ साडेअकरा ते दोन. साडेअकराला न्याहारीची गर्दी ओसरलेली असते आणि जेवणाची सुरू व्हायची असते, म्हणून मालकही "उठा" म्हणत नाही. शुक्रवार दुपार जुम्यामुळे बादच होती, आणि रविवारी अशा ठिकाणी उभे राहायला जागा मिळत नाही. दोनला निघाले की सातारा आणि मुंब्रा दोन्हीकडच्या अंधार पडायच्या आत घरी पोहोचतात. एसटीत २०२३ च्या मार्चपासून महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे सातारच्या ताईंचा येण्याजाण्याचा खर्च आवाक्यात आला. सोलापूरच्या आपा सकाळच्या रेल्वेने यायच्या होत्या. चिपळूणच्या बुबू आदल्या दिवशी कोंढव्याला लेकीकडे मुक्कामाला येणार होत्या. ज्यांना जोहरची नमाज पढायची असेल त्यांनी नंतर तिच्याकडे यावे, असे लेकीनेच कळवले. वेळ असरपर्यंत असतेच, त्यामुळे धावपळ नव्हती.

खाण्याचा प्रश्न आपल्या घरांत पहिला असतो. मटण-कोंबडी हलाल आहे का, हे फोनवर सरळ विचारावे, त्यात संकोच कसला? मांस कुठून येते आणि कोण आणते, एवढे विचारले की खरे-खोटे उत्तराच्या सुरावरूनच कळते. पण आमच्या गटात सातारच्या ताई आहेत, त्या शुद्ध शाकाहारी. त्यांनी काही मागणी केली नव्हती. उलट "मी नुसता चहा घेईन" असे लिहून मोकळ्या झाल्या होत्या. ज्या फोनवर आम्ही हलालची चौकशी केली, त्याच फोनवर त्यांच्यासाठी वेगळ्या तव्यावर काही मिळेल का, हेही विचारले. तवा एकच आहे, पण बनमस्का, ब्रेड-जॅम आणि केक तव्याला लागत नाहीत, असे मालकांनी प्रामाणिकपणे सांगितले. ताईंना तसे कळवले. आपल्याला जेवणात जी खात्री हवी असते, तीच समोरच्यालाही मिळावी, एवढे साधे आहे हे.

आता धास्तीची गोष्ट. पडद्यावर तीन वर्षे बोललेली व्यक्ती खरोखर तीच आहे का, ही शंका घरच्यांनी घेतली तर रागावू नये. भेटीआधी आम्ही एका संध्याकाळी व्हिडिओवर एकमेकींचे चेहरे पाहिले. ज्यांना चेहरा दाखवायचा नव्हता त्यांचा आवाज ऐकला. दोघींच्या सासूबाईंनी चिपळूणच्या बुबूंशी फोनवर बोलून घेतले. साठीच्या बुबूंचा आवाज ऐकून निम्मी चिंता मिटली. भेट दिवसाढवळ्या, चारचौघांच्या जागी. हॉटेलचे नाव आणि पत्ता घरी लिहून ठेवलेला. व्हॉट्सअॅपवर आपण कुठे आहोत ते घरच्यांना आठ तासांपर्यंत दाखवत ठेवता येते. ते सुरू करूनच निघायचे. आगाऊ पैसे कुणीही गोळा करायचे नाहीत. आणि लक्षात ठेवावे, मोबाईलवर पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की आपले पैसे जाणार आहेत, असे समजावे.

घरातल्या तरुण मुलामुलींबाबत हे सर्व दुपटीने लागू आहे. ऑनलाइन मैत्रिणीला भेटायचे आहे असे लेकीने सांगितले, तर सांगितले याचा आनंद मानावा. एकदम नाही म्हटले की पुढच्या वेळी ती सांगणार नाही, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. तिच्याबरोबर जावे, दोन टेबले सोडून बसावे, आपला चहा प्यावा. समोरच्याने ऐनवेळी जागा बदलायला सांगितली, एकटीच ये म्हटले किंवा घरी सांगू नकोस म्हटले, तर तिथूनच माघारी फिरायचे, हे आधीच पक्के ठरवावे. काही बिनसलेच तर ११२ हा क्रमांक आहे.

बिलाचेही आधी बोलून घ्यावे. "मी देते, मी देते" ही ओढाताण प्रेमाची दिसते, पण त्यातून एकीवर उपकार आणि दुसरीवर परतफेडीचे ओझे येते. आम्ही ठरवले की ज्याचे त्याने द्यायचे. लहान मुलांचे सर्वांत वाटून. साध्या हॉटेलच्या बिलात पाच टक्के जीएसटी येतो, तो हिशेबात धरावा. सेवाशुल्क म्हणून वेगळी रक्कम मोठ्या हॉटेलांच्या बिलात कधी कधी घातलेली असते, ती देणे बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे स्पष्ट केले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. नम्रपणे काढून टाकायला सांगावे. वाढणाऱ्या मुलाच्या हातावर मात्र आपल्या खुशीने काही ठेवावे.

फोटोंचा नियम एका ओळीचा होता. रोपांचे आणि खाण्याचे फोटो सर्वांनी काढावेत, माणसांचे विचारल्याशिवाय नाही, मुलांचे तर बाहेर कुठेही टाकायचे नाहीत.

तेवीसपैकी सोळा जणी आल्या. मुंब्र्याच्या बाजी ओल्या फडक्यात गुंडाळून गवती चहाचे ठोंब घेऊन आल्या, प्रत्येकीला एक. सातारच्या ताईंनी बनमस्क्यावर बनमस्का खाल्ला. ज्यांचे यजमान सोडायला आले होते, ते बाहेरच्या टेबलावर एकमेकांना भेटले आणि दोन वाजले तरी उठायला तयार होईनात. माणशी खर्च १८० रुपये झाला. ज्या सात जणी आल्या नाहीत, त्यांचे ठोंब टपालाने गेले. त्यांच्यापैकी दोघींनी कळवले आहे की पुढची भेट सोलापूरला ठेवलीत तर येऊ.

आपल्या वाचक भगिनींच्या मनात असा काही बेत घोळत असेल, तर तारीख आणि हॉटेल शोधण्याआधी गटात शेवटच्या आठ दिवसांत कोण गप्प झाले आहे ते पाहावे, आणि पहिला निरोप तिला पाठवावा. तिला जमेल असा बेत झाला, तर तो बाकीच्यांना जड जात नाही.