सुधारणेचा अधिकार आणि वाईचे शास्त्री

हिंदू समाजातील प्रत्येक सुधारणा ही इंग्रजी शिक्षणाची देणगी होती आणि शास्त्री-पंडित तेवढे तिच्या वाटेत आडवे पडले, हे मत आपल्याकडे इतके उगाळले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही कुणाला वाटत नाही. ज्यांना वाटेल त्यांनी कृष्णाकाठी, वाईला जावे.

दक्षिण काशी म्हणविणाऱ्या या गावी नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढील काळातील स्वामी केवलानंद सरस्वती, यांनी प्राज्ञपाठशाळा उभी केली. मीमांसा आणि वेदान्त यांचे सांगोपांग अध्यापन हे तिचे काम. १९१७ साली विनोबा येथे अध्ययनासाठी राहिले. येथेच लक्ष्मणशास्त्री जोशी घडले आणि १९२३ साली कोलकात्याची तर्कतीर्थ पदवी मिळवून आले.

या शास्त्र्यांनी काय केले? १९३२ साली येरवड्याच्या कारागृहात गांधीजींपुढे अस्पृश्यतेचा शास्त्रार्थ झाला, तेव्हा तर्कतीर्थ निवारणाच्या बाजूने उभे राहिले. १९३३ साली पुण्यात देवदास गांधी आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा विवाह झाला. वर वैश्य, वधू ब्राह्मण. रूढीच्या दृष्टीने प्रतिलोम, म्हणजे निषिद्धच. त्याचे पौरोहित्य तर्कतीर्थांनी केले. १९३७ पासून धर्मकोशाचे खंड निघू लागले. त्यांत धर्मशास्त्राची वचने कालक्रमाने मांडली गेली आणि शास्त्र कधी बदललेच नाही, या समजुतीचा आधार निघून गेला.

तर्कतीर्थ पुढे रॉयवादी झाले, १९४१ साली ‘हिंदुधर्माची समीक्षा’ लिहून त्यांनी परंपरेवर कठोर प्रहार केले. ते सारे मान्य करण्याचे कारण नाही. परंतु तो अधिकार त्यांनी अध्ययनाने कमावला होता. पोथी न उघडताच ती जाळायला निघणारे आणि पोथी न उघडताच तिच्या नावाने शिवाशिव पाळणारे, या दोघांनाही तो अधिकार नाही.

हाच अनुभव इतरत्रही दिसतो. १८५१ साली मुंबईच्या पारशी तरुणांनी रहनुमाए माझ्दयस्नान सभा काढली, ती आपल्या धर्माचे मूळ रूप शोधण्यासाठीच. शिखांनी दीर्घ आंदोलनानंतर १९२५ च्या कायद्याने गुरुद्वारे महंतांच्या हातून सोडविले. हमीद दलवाई १९६६ साली सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत सचिवालयावर गेले. तेव्हा पुरोगामित्वाचा टिळा लावून मिरविणाऱ्यांपैकी किती जण त्यांच्या सोबत होते? तोंडी तलाकाविरुद्धचा कायदा व्हायला २०१९ साल उजाडावे लागले. आपल्या समाजातून उठणाऱ्या सुधारकाला एकटे सोडणे, हा दोष कोणा एका धर्माचा नाही.

म्हणूनच शेवटचा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. ‘अस्पृश्यता चूक नसेल तर जगात काहीच चूक नाही’, या आशयाचे बाळासाहेब देवरसांनी १९७४ साली पुण्यात सांगितले. ते सुविचार म्हणून भिंतीवर लावणे सोपे आहे. परंतु मुलीचे स्थळ पाहताना पोटजातीची अट घालायची, गावच्या पाणवठ्यावर आणि स्मशानात भेद चालू द्यायचा आणि व्यासपीठावरून समरसतेची व्याख्याने द्यायची, हा दांभिकपणा आहे. वाईच्या शास्त्र्यांनी नव्वद वर्षांपूर्वी विवाहमंडपात जे धैर्य दाखविले, ते आपल्या घरच्या मंडपात दिसत नसेल, तर त्यांचे नाव घेण्याचा अधिकार आपल्यालाही नाही.