काठावरच ठरवायची गोष्ट

दरवर्षी ४ मार्चला भोसरी, तळवडे, चाकण, म्हाळुंगे इथल्या कारखान्यांतून राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ घेतली जाते. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना १९६६ साली याच तारखेला झाली. त्यानिमित्ताने आठवडाभर फलक लागतात, स्पर्धा होतात, प्रशिक्षणे होतात. नेमका हाच आठवडा भिगवणच्या पक्षी-हंगामाच्या अखेरच्या टप्प्यात येतो. आपल्या मासिकाचे कितीतरी वाचक सोमवार ते शनिवार यंत्रावर, गुणवत्ता विभागात किंवा डिझाइनच्या टेबलाशी असतात आणि रविवारी पहाटे अंधारात गाडी काढून कुंभारगाव नाहीतर डिकसळ गाठतात. वर्षभर पैसे साठवून घेतलेली लेन्स मांडीवर घेऊन ते मच्छीमाराच्या होडीत बसतात. या वाचकांचा नेहमीचा प्रश्न एकच असतो: कॅमेरा पाण्यापासून वाचवायला बॅग कोणती घ्यावी? आमचे म्हणणे असे, की बॅगेचा प्रश्न शेवटचा आहे. होडीतल्या कॅमेऱ्याची सुरक्षितता होडीत पाय ठेवण्याआधी, काठावर काय ठेवून जायचे यावर ठरते. आणि कारखान्यात काम करणाऱ्याला हे नव्याने शिकवावे लागू नये.

सुरक्षा प्रशिक्षणात धोक्यावरच्या उपायांची एक उतरंड शिकवतात. सर्वांत वर, धोका मुळातूनच काढून टाका. ते जमत नसेल तर कमी धोक्याचा पर्याय वापरा. मग यंत्राला गार्ड बसवा. मग कामाची पद्धत, सूचना, सराव. आणि सगळ्यांत खाली हेल्मेट, गॉगल, हातमोजे. खालचे उपाय बिनमहत्त्वाचे नाहीत, पण वरचे सगळे फसल्यावरच ते कामाला येतात, आणि तेही माणसाने ते नीट घातले असतील तरच. होडीपाशी आलो की आपण ही उतरंड उलटी धरतो. ड्राय बॅग हे कॅमेऱ्याचे हेल्मेट आहे, आणि आपण सुरुवातच तिथून करतो. बॅगेत दोन बॉडी, एक मोठी प्राइम, एक ७०-२००, एक वाइड, टेलिकन्व्हर्टर आणि वर ट्रायपॉड. यातले किती सामान होडीत लागते? ट्रायपॉड तर मुळीच नाही, कारण त्याचे पाय ज्या तळावर टेकतात तोच हलत असतो. होडीची प्रत्येक थरथर तो थेट लेन्सपर्यंत पोचवतो आणि भोवतालच्यांच्या पायात येतो तो वेगळाच. सहाशे मिलिमीटर एफ/४ची प्राइम सुमारे तीन किलोची, तर २००-६०० किंवा १५०-६०० जातीच्या झूम लेन्स साधारण दोन किलोच्या आसपास. फरक एका किलोचाच दिसतो, पण झूम घेतल्याने ७०-२०० आणि दुसरी बॉडीही काठावर राहते. एक बॉडी, एक झूम, एक जास्तीची बॅटरी, एक जास्तीचे कार्ड आणि तांदूळ किंवा ज्वारी भरलेली छोटी बीन बॅग. एवढेच सामान गेले, तर बुडण्याजोगे जे काही आहे त्यातले बहुतेक गाडीत कुलूपबंद राहते.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो: ऑस्प्रे मासा घेऊन वर उठला आणि हातात चुकीची लेन्स असली तर? आक्षेप खरा आहे, पण होडीत तो उलट दिशेने काम करतो. होडीत लेन्स बदलणे म्हणजे सेन्सर उघडा ठेवून, दोन्ही हात गुंतवून, डुगडुगत्या फळीवर बसणे; तेवढ्यात ऑस्प्रे दिसेनासा झालेला असतो. ज्याच्या हाती एकच झूम आहे तो निदान डोळा व्ह्यूफाइंडरला लावून असतो. शिवाय होडीतून पक्ष्याचे अंतर लेन्सपेक्षा नावाडी जास्त ठरवतो. वारा कुठून आहे, सूर्य कुठे आहे, फ्लेमिंगोंचा थवा किती जवळ येऊ देईल, हे त्याला कळते. आणि थवा उडू न देता थांबणे हेच चांगल्या चित्राचे आणि चांगल्या वागणुकीचेही लक्षण. जड प्राइम घेऊन आलेला माणूस ती पेलण्यासाठी उंच बसतो किंवा उभा राहतो. हलके सामान असलेला खाली, जवळजवळ होडीच्या काठाच्या उंचीवर बसू शकतो. खाली बसल्याने होडी स्थिर राहते आणि पक्षी डोळ्याच्या पातळीवर येतो. चित्रबलाक किंवा शेकाट्याचे चित्र वरून काढलेले आणि पाण्यालगतून काढलेले शेजारी ठेवून पाहावे. सुरक्षितता आणि चित्र यांत निवड करावी लागते ही समजूत इथे टिकत नाही.

होडी उलटते कशी, हे समजून घेतले की सामान कमी करण्याचा आग्रह का, ते कळेल. मच्छीमार रोज याच होडीतून जाळी टाकतो, उभा राहून बांबूने होडी ढकलतो, आणि काही होत नाही. मग आपल्यालाच काय होणार, असे अनेकांना वाटते. पण तो एकटा असतो किंवा दोघे असतात, आणि त्याचे वजन होडीच्या हालचालीबरोबर आपोआप सरकते. चार छायाचित्रकार बसले की वेगळेच घडते. उजवीकडून थवा उठतो, आणि चौघेही एकाच क्षणी, एकाच बाजूला, डोळा कॅमेऱ्याला लावून वळतात. आजूबाजूचे कोणालाच दिसत नसते. वजन क्षणात एका काठावर येते, त्यात मांडीवरच्या बॅगा घसरतात, आणि कोणीतरी तोल सावरायला उभा राहतो. हा प्रसंग सूचना देऊन टळत नाही, कारण पक्षी उठल्यावर सूचना कोणाला आठवते? तो टळतो माणसे कमी बसवल्याने आणि सैल सामान होडीत नसल्याने.

वाऱ्याचेही तसेच. भिगवणचे पाणी म्हणजे उजनीचा फुगवटा, आणि उजनी म्हणजे भीमेवरचे १९८० साली पूर्ण झालेले, ११७ टीएमसी साठवणीचे धरण. त्याचा फुगवटा उघड्या माळांमध्ये पसरला आहे आणि वाऱ्याला अडवायला काही नाही. जानेवारीतल्या सकाळी पाणी आरशासारखे असते, म्हणून आपल्याला हे जाणवत नाही. २१ मे २०२४ला संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात याच पाण्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती छायाचित्रकारांची होडी नव्हती, पण पाणी तेच होते. उन्हाळ्यात नदीसुरयांच्या मागे जाणाऱ्यांनी दुपारनंतर ढग भरून आले की होडी सोडूच नये, मग फेरीचे पैसे आधी दिलेले असोत.

पाणी उथळ असते, हा दुसरा आक्षेप. भिगवणला बऱ्याच ठिकाणी ते खरेच उथळ असते. पण धरणाच्या पोटात जुनी शेते, बांध, विहिरी आहेत. पाणी खूप खाली गेले की पळसदेवचे बुडालेले देऊळ वर येते, यावरूनच तळ किती उंचसखल आहे ते समजावे. वर तळाला गाळ. त्यात पाय रुतला की कंबरभर पाणीही घाबरवते. आणि कॅमेऱ्यापुरते बोलायचे तर त्याला वीतभर पाणी पुरते. तेही साधे पाणी नव्हे. आपल्याच पट्ट्यातून वाहणाऱ्या पवना, इंद्रायणी आणि भामा या नद्या शेवटी भीमेतून उजनीतच जातात. शहरांनी आणि कारखान्यांनी त्यांत काय सोडले आहे ते आपण रोज पाहतो. लेन्सच्या आत गेलेले असे पाणी सुकल्यावरही मागे थर ठेवून जाते.

आता हेल्मेट, म्हणजे पेटी आणि बॅग. ‘वेदर सील्ड’ या शब्दांवर विसंबू नये. इलेक्ट्रॉनिक पॅनेलची आयपी श्रेणी रोज वाचणारे आपले वाचकच कॅमेरा घेताना ती विचारायला विसरतात. बहुतेक कंपन्या बॉडीला अशी श्रेणी देतच नाहीत. ओएम सिस्टिमच्या ओएम-१ला आयपी ५३ आहे, म्हणजे धूळ आणि तिरका शिंतोडा सोसण्यापुरती हमी. अर्धा तास मीटरभर पाण्यात बुडून राहण्याची परीक्षा आयपी ६७ची, आणि ती वेगळीच गोष्ट आहे. म्हणून बुडण्याची हमी पेटीकडून घ्यावी, कॅमेऱ्याकडून नाही. घट्ट झाकणाच्या कडक पेटीत सगळा भरवसा एका रबरी ओ-रिंगवर असतो. त्या रिंगवरून बोट फिरवून पाहावे: एखादा केस, वाळूचा एक कण, फोमचा सुटलेला तुकडा हाताला लागला तरी पेटी गळू शकते. चाकणमध्ये कितीतरी सुट्या भागांची लीक टेस्ट होते. तीच परीक्षा घरी करावी. रिकाम्या पेटीत टिश्यू पेपर पसरून, वर वजन ठेवून ती अर्धा तास पाण्याच्या टाकीत दाबून ठेवावी. कागद कोरडा निघाला तरच त्यात लेन्स ठेवावी. ड्राय बॅग असेल तर तोंडाला निदान तीन वळ्या द्याव्यात, एका वळीवर बकल लावू नये. पेटी होडीच्या तळाशीही ठेवू नये. तळाला नेहमी थोडे पाणी साचलेले असते, आणि नावाडी बांबू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेतो तेव्हा त्यावरून निथळलेली धार काठावरून घसरत नेमकी तिथेच येते. आडव्या फळीवर, हाताच्या अंतरावर, अशी तिची जागा.

पेटी बांधावी की मोकळी ठेवावी, यावर जगभर होडीतून फिरणाऱ्यांमध्ये मतभेद आहेत. आमचे मत असे: कॅमेरा माणसाला कधीही बांधू नये. दोन्ही खांद्यांत अडकवलेली आणि छातीवर बकल लावलेली बॅकपॅक होडीत निषिद्ध मानावी. पाण्यात ती काढता येत नाही. कॅमेऱ्याचा पट्टा लाइफ जॅकेटच्या वरून, एका खांद्यावर, डोके न अडकता निघेल असा असावा. पेटी स्वतः तरंगणारी असेल तर ती मोकळी ठेवली तरी चालते. बांधायचीच असेल तर होडीला, आखूड दोरीने, एका झटक्यात सुटणाऱ्या गाठीने. लांब मोकळी दोरी पायात अडकते. आणि सगळे एकाच जागी ठेवू नये. जून १८६९मध्ये जॉन वेस्ली पॉवेल यांच्या अमेरिकेतल्या नदीमोहिमेतली एक होडी ग्रीन नदीच्या खळाळात फुटली, आणि मोहिमेचे सगळे बॅरोमीटर चुकून त्या एकाच होडीत ठेवले गेले होते. ते नंतर सापडले, म्हणून मोहिमेचे काम पुढे चालू राहिले. आपल्यासाठी बॅरोमीटर म्हणजे कार्ड. सकाळी भरलेले कार्ड खिशात, बंद डबीत असावे, कॅमेऱ्यात नव्हे.

कॅमेरा पाण्यात पडलाच, तर चालू करून पाहू नये. बॅटरी आणि कार्ड लगेच काढावे, बाहेरचे पाणी टिपावे, हलवू नये आणि सर्व्हिस सेंटरला न्यावा. तांदळाच्या डब्यात ठेवण्याने फारसे काही साधत नाही. मधल्या दिवसांत गंज मात्र वाढतो. भिजलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. विमा आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी पॉलिसीतला पाण्याचा मजकूर एकदा नीट वाचावा. कंपनीची वॉरंटी सहसा पाण्याने झालेले नुकसान धरत नाही. आणि विमा लेन्सचे पैसे देईल, होडीतल्या माणसाचे काय?

लाइफ जॅकेटबद्दल एक तक्रार ऐकू येते, की ते घातल्यावर कॅमेरा नीट डोळ्याला लावता येत नाही. हे बहुतेक वेळा मापाचे नसलेले, पट्टे न आवळलेले जॅकेट असते. ते वर सरकून हनुवटीशी येते. आपल्या मापाचे जॅकेट स्वतःचे घ्यावे. एका फिल्टरच्या किमतीत ते येते.

हे सगळे अमलात आणण्याची खरी सोय वर्कशॉप घेणाऱ्यांच्या हातात आहे, कारण होडीत किती जण बसणार हे तेच ठरवतात आणि नवा छायाचित्रकार त्यांचेच पाहून शिकतो. त्यांना आमची विनंती आहे. या हंगामाच्या सूचनापत्रकात कॅमेऱ्याच्या सेटिंगच्या आधी सामानाची मर्यादा छापा: एक बॉडी, एक लेन्स. जॅकेट न घालणाऱ्याला, मग तो कितीही जुना सभासद असो, होडीत घेऊ नका. आणि चौघांच्या होडीत तिघेच बसवा, पण नावाड्याला पैसे चौघांचे द्या.